पाणी ओसरल्यावर सुरू होणारे काम

पुराचे पाणी ओसरू लागले की साथरोगांचा धोका वाढू लागतो. गटारे, शौचखड्डे, उकिरडे आणि विहिरी पुरात एकमेकांत मिसळलेल्या असतात. पाणी नदीत परतते, पण त्यातली घाण गाळाबरोबर घरात, अंगणात आणि विहिरीत मागे राहते. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आणि सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. कृष्णा आणि पंचगंगा जिथे मिळतात, त्या नृसिंहवाडीच्या आसपासच्या शिरोळ तालुक्यात पूर हा आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कामाचाच एक हंगाम आहे.

या कामाची सुरुवात पावसाआधी याद्यांनी होते. पुरात रस्ता तुटणाऱ्या गावांत आशा आणि आरोग्यसेविका घरोघर जाऊन नावे लिहितात. प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या गरोदर माता, डायलिसिसवर असलेले, इन्सुलिन घेणारे आणि क्षयरोगाचे औषध चालू असलेले रुग्ण त्यांत येतात. पुरात माणूस कपडे आणि कागदपत्रे घेऊन निघतो, गोळ्यांची पुडी फळीवरच राहते. क्षयाचे औषध मध्येच थांबले तर आजार बळावतो, इन्सुलिन चुकले तर जिवावर बेतू शकते. म्हणून निवारा केंद्रात नोंद करताना ‘ताप आहे का’ याबरोबरच ‘रोजची गोळी कोणती’ हेही विचारावे लागते.

पाणी उतरल्यावर पहिले काम विहिरीचे. बुडालेली विहीर आधी उपसून गाळ काढावा लागतो. मग त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकायची हे ठरवायचे असते. ताज्या, चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो, पण डबा उघडा राहिला किंवा ओल लागली की तो उडून जातो. शिवाय गढूळ पाणी जास्त क्लोरीन खाते. अंदाजाने मूठभर पावडर टाकली तर पाणी शुद्ध झाल्याचा समज तेवढा होतो, जंतू तसेच राहतात.

यावर उपाय आहे हॉरॉक्स चाचणी. तिच्या पेटीत एक काळा आणि सहा पांढरे पेले असतात. काळ्या पेल्यात २ ग्रॅम टीसीएल पाण्यात कालवून खुणेपर्यंत द्रावण करतात. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी भरून पहिल्यात या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन असे टाकत जातात. ढवळून अर्धा तास थांबायचे आणि प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब घालायचे. ज्या पेल्यात सर्वांत आधी स्पष्ट निळा रंग दिसतो, त्याच्या क्रमांकाची दुप्पट, तितके ग्रॅम टीसीएल ४५५ लिटर पाण्याला लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरते. तिसरा पेला निळा झाला असेल तर त्या विहिरीला जवळपास ३७० ग्रॅम पावडर लागेल.

ही पावडर कोरडी विहिरीत फेकत नाहीत. बादलीत कालवून पाच-दहा मिनिटे निवळू देतात, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेतात आणि तळाचा चुना बाहेर टाकून देतात. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून जोरात हलवतात, म्हणजे क्लोरीन तळापर्यंत पोहोचतो. एक तासाने ओटी चाचणी होते. नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब पडताच पिवळा रंग येतो आणि तो रंगपट्टीशी ताडून पाहतात. आपत्तीच्या काळात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. नळपाणी योजनेत हा नमुना टाकीजवळ घेऊन भागत नाही, गावातल्या शेवटच्या नळाचा घ्यावा लागतो. फुटलेल्या वाहिनीतून घाण शिरली असेल तर ती तिथेच कळते.

दुसरे काम गाळ उपसणाऱ्यांचे. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत टिकतात आणि भेगाळलेल्या तळपायातून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे आणि लाल डोळे ही खूण एक-दोन आठवड्यांनी दिसते. तोवर घर साफ झालेले असते आणि त्या तापाचा चिखलाशी असलेला संबंध घरच्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून गमबूट घालण्याचा आग्रह धरावा लागतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा आधीच द्यावी लागते. गरोदर माता आणि लहान मुलांसाठी हे औषध टाळतात. याच दिवसांत जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक, आडोशाला आलेल्या सापांच्या दंशासाठी प्रतिविष आणि साचलेल्या पाण्यातल्या डासअळ्यांसाठी कंटेनर सर्वेक्षण चालू असते.

तिसरे काम डोळ्यांना दिसत नाही. ज्यांची जनावरे डोळ्यांदेखत वाहून गेली, ज्यांचे घर पुन्हा उभे करायचे आहे, त्यांना झोप लागत नाही, जेवण जात नाही, पावसाचा आवाज वाढला की छातीत धडधडते. पहिल्या दिवसांत हे स्वाभाविकच असते. मानसिक प्रथमोपचाराची रीत साधी आहे: परिस्थिती पाहणे, शांतपणे ऐकणे आणि गरजेच्या मदतीशी माणसाला जोडून देणे. झालेला प्रसंग सांगायला कोणाला भाग पाडायचे नसते, त्याने त्रास वाढू शकतो. बेपत्ता नातेवाइकाचा शोध, पंचनाम्यात नाव लागणे, मुलांची शाळा सुरू होणे यानेही मन सावरते, आणि बहुतेकांना एवढा आधार पुरतो. महिना उलटूनही भीती, भयाण स्वप्ने किंवा जगण्याचा कंटाळा हटत नसेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे भाग आहे. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्यासाठी तर महिन्याची वाट पाहायचीच नसते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो.

घरभेटीच्या वहीत ताप आणि जुलाब यांचे रकाने असतात. ‘झोप लागते का’ या प्रश्नालाही तिथेच जागा हवी, कारण डॉक्टरकडे जाऊन मनाचे दुखणे सांगणारे थोडे, आणि दारात आलेल्या आशाताईला सांगणारे जास्त. पुढच्या जूनमध्ये पाणीपातळीच्या बातम्या सुरू होतील, तेव्हा गरोदर माता आणि इन्सुलिनवरच्या रुग्णांच्या यादीत या माणसांची नावेही असायला हवीत.