मूत्राशय भरलेलं हवं

संपादकांनी ‘प्राण्यांच्या सोनोग्राफीवर काहीतरी’ एवढंच सांगितलं होतं. रबाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला गावठाण आणि सोसायट्या. तिथल्या एका गाळ्यातल्या दवाखान्यात गेलो तेव्हा कुत्रीच्या पोटातली पिल्लं बघायला मिळतील अशी आशा होती. टेबलावर निघाला म्हातारा लॅब्रडोर, आणि डॉक्टर मॅडम शोधत होत्या त्याचं प्रोस्टेट.

मालकाची तक्रार शौचाची होती. कुंथतो, पट्टीसारखी चपटी शी होते. घरी इसबगोल देऊन झालं होतं. माणसात प्रोस्टेट ग्रंथी वाढली की लघवी अडते. कुत्र्यात ती बहुधा बाहेरच्या बाजूला फुगते आणि वरून जाणाऱ्या गुदाशयाला दाबते. कधी लिंगातून रक्ताचे थेंब पडतात. नसबंदी (म्हणजे वृषणं काढणं) न केलेल्या बहुतेक नर कुत्र्यांत उतारवयात ही वाढ होतेच. माणसाखेरीज इतक्या सर्रास ती होणारा प्राणी कुत्राच. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी कुत्र्यांच्या याच ग्रंथीवर काम केलं, तिथून माणसाच्या प्रोस्टेट कॅन्सरवरच्या हार्मोन उपचारापर्यंत पोचले आणि १९६६चं नोबेल मिळवलं. इतिहास एवढा पुरे.

मला गुंतवलं ते मूत्राशयाने. प्रोस्टेट मूत्राशयाच्या मानेला बिलगून, लघवीच्या नळीभोवती बसलेलं असतं आणि लहान असेल तर ओटीपोटाच्या हाडाआड दडतं. हाडातून ध्वनिलहरी जात नाहीत. मूत्राशय भरलं की ग्रंथी थोडी पुढे ओढली जाते, शिवाय द्रवातून लहरी सहज पार होतात. पण नर कुत्रा गाडीतून उतरून दवाखान्याच्या दारात येईपर्यंत प्रत्येक खांबाला, प्रत्येक टायरला हजेरी लावून येतो! मॅडमचा निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो.

मग पोटावरचे केस काढायचे (केसांत हवा अडकते, हवा चित्र खाते), जेल लावायचं, कुत्र्याला उताणं धरायचं आणि प्रोब लिंगाच्या शेजारून टेकवायचा. आडव्या छेदात दोन सारखे लोब आणि मध्ये नळी. लांबी, रुंदी, उंची मोजायची, गुणाकाराला पुन्हा ०.५२ने गुणायचं, आकारमान मिळतं. साध्या वाढीत ग्रंथी मोठी पण दोन्हीकडे सारखी दिसते, आत बारीक काळ्या पोकळ्या. आत गढूळ द्रवाने भरलेली पोकळी दिसली आणि सोबत ताप व दुखणं असलं तर गळूचा संशय.

पडदा इतका स्पष्ट बोलतो, तरी पुढचं सगळं अवघड. साध्या वाढीवर पक्का इलाज नसबंदी. काही आठवड्यांत ग्रंथी निम्म्यावर येते. इथल्या रस्त्यावरच्या ज्या कुत्र्यांच्या कानाला खाच आहे, त्यांची नसबंदी झालेली असते, त्यांना ही तक्रार सहसा भेटत नाही. भेटते ती घरच्या लाडक्याला, कारण मालकाचा हात तिथे अडतो. “मॅडम, गोळीने नाही का भागणार?” त्या दिवशीही हाच प्रश्न आला. फिनास्टेराइड देता येतं, माणसांचंच औषध. पण गोळी थांबली की वाढ परत.

नसबंदी कॅन्सरपासून मात्र वाचवत नाही, हे मला नवीन होतं. प्रोस्टेटचा कॅन्सर नसबंदी झालेल्या कुत्र्यातही होतो, उलट तिथे धोका जास्तच दिसतो. अशा कुत्र्यात ग्रंथी लहान, सुकलेली असायला हवी. ती मोठी दिसली, आत चुन्याचे चकाकते ठिपके असले, तर डॉक्टर आधी कॅन्सरच धरून चालतात आणि जवळच्या लसिका ग्रंथी तपासतात. पण खात्रीला पेशी लागतात. पोटातून सुई घातली तर तिच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडण्याची भीती असते. म्हणून लघवीच्या नळीतून कॅथेटर घालून, प्रोब वर धरून, पेशी ओढून घ्यायचा मार्ग आधी पाहतात.