आगीची वाट पाहणारे बी

भेंडी, कापूस आणि जास्वंद ज्या कुळातली, त्याच कुळातले एक दुर्मिळ रानफूल अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, पीटर्स माउंटन या डोंगरावर फुलते. फिकट गुलाबी पाकळ्यांच्या या फुलाचे शास्त्रीय नाव इलियाम्ना कोरी. वालुकाश्माच्या कोरड्या, उथळ मातीच्या कातळावरची ही एकच जागा त्याचे नैसर्गिक घर. १९२७ मध्ये अर्ल कोर या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते सापडले, तेव्हा तिथे सुमारे ५० झाडे होती. १९८६ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली, तोवर तीन-चारच उरली होती. ना तिथे खाण निघाली होती, ना धरण झाले होते. हरणांनी आणि मोकाट बकऱ्यांनी शेंडे खुडले हे खरे. पण खाल्लेल्या झाडांची जागा घ्यायला नवी रोपे का येत नव्हती, हा खरा प्रश्न होता.

उत्तर बियांत होते. या बियांचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरतच नाही. आच लागली की कवचाला फट पडते आणि बी रुजते. आसपासच्या जुन्या वृक्षांच्या खोडांवरचे जळल्याचे व्रण सांगतात की या डोंगरावर पूर्वी वरचेवर वणवे लागत. विसाव्या शतकात वणवे विझवण्याचे धोरण आले, झाडोरा दाटला, कातळावर सावली पडली आणि बी मातीत तसेच पडून राहिले. १९९२ आणि १९९३ मध्ये तिथे जाणीवपूर्वक, आटोक्यात ठेवलेली आग लावली गेली, तेव्हा नवी रोपे उगवली.

मोजकीच झाडे उरली असताना आग लावणे हा जुगार नव्हे का? हे झाड बहुवर्षायू आहे. त्याचे खोड दरवर्षी वाळते, जीव जमिनीखालच्या मुळांत राहतो. त्यामुळे योग्य वेळी लावलेली हलकी आग ते सोसते. मग कवच घासून बी रोपवाटिकेतच का वाढवू नये? जरूर वाढवावे, पण तो विमा झाला. सावलीने झाकलेल्या कातळावर लावलेले रोप पुढची पिढी देणार नाही. याचा अर्थ सह्याद्रीतल्या वणव्यांना मोकळीक द्यावी, असाही नाही. कोणत्या अधिवासाला आग हवी, हे तिथल्या वनस्पतींचा अभ्यासच ठरवू शकतो.

कुंपण घातले की संरक्षण झाले, ही समजूत या फुलाने खोटी ठरवली आहे. झाड वाचवायचे तर ज्या घडामोडींवर ते जगते, त्याही वाचवाव्या लागतात.