आधी ओळख, मग गप्पा

कोपरगावात संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 साली सुरू झालं, तेव्हा जावा बाहेर यायला अजून बारा वर्षं होती. पुढे मात्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला जावात चॅट लिहिणं हा प्रकल्पांतला जणू नेमच झाला. लॅबमधल्या दोन संगणकांत सॉकेट जोडलं की निरोप जायचे. खरी अडचण ब्राउझरमध्ये होती.

एचटीटीपीत आधी विचारायचं, मगच उत्तर मिळायचं. सर्व्हर आपणहून बोलू शकत नसे. म्हणून पान दर दोन-चार सेकंदांनी विचारत राही, गळीत हंगामात ऊसवाला शेतकरी साखर कारखान्याच्या गट ऑफिसात 'तोड कधी?' म्हणून खेटे घालतो तसं. 2006च्या सुमारास 'कॉमेट' नावाने उत्तर मुद्दाम रोखून धरायची युक्ती रूढ झाली. तिच्यात वाट पाहणाऱ्या प्रत्येकामागे सर्व्हरचा एक थ्रेड अडकून पडायचा.

डिसेंबर 2011 मध्ये वेबसॉकेटचं प्रमाण, आरएफसी 6455, प्रसिद्ध झालं. सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीने, सर्व्हरचा 101 हा होकार, आणि पुढे तीच जोडणी दोन्हीकडून बोलायला मोकळी. 2013च्या जेएसआर 356 या प्रमाणाने हे जावात आणलं. त्याच वर्षी डिसेंबरात वेबसॉकेटची सोय घेऊन स्प्रिंग 4 हे जावा फ्रेमवर्क आलं. चॅटचा कोड पानभरात मावू लागला.

पण बोलतंय कोण? अनेक नमुना प्रकल्पांत पाठवणाऱ्याचं नाव निरोपातूनच घेतलेलं असे. म्हणजे कुणीही प्राचार्य होऊन बोलावं! ते नाव लॉगिनच्या प्रिन्सिपलमधूनच, म्हणजे सर्व्हरने पडताळलेल्या ओळखीतूनच, घ्यायला हवं. त्यात ब्राउझरच्या वेबसॉकेटला ओळख पटवणारं ऑथरायझेशन हेडर जोडता येत नाही. टोकन पत्त्यात घातलं तर ते लॉगमध्ये उमटतं. कुकी आपोआप जाते, पण परक्या पानानेही जोडणी मागितली तरी जाऊ शकते. जोडणी मागणाऱ्या पानाचं ओरिजिन तपासणं म्हणूनच आलं. वेबसॉकेटवर स्टॉम्प हा निरोपांचा प्रोटोकॉल वापरणारे त्याच्या कनेक्ट फ्रेममधून टोकन पाठवतात, ही वाट मला जास्त स्वच्छ वाटते.

एक गंमत उरतेच. टॉमकॅट या जावा सर्व्हरचं सेशन मूळ सेटिंगनुसार अर्धा तास काही न घडल्यास संपतं, आणि चॅटचे निरोप त्याच्या हिशेबात धरलेच जात नाहीत. सेशन संपलं की त्याच्या ओळखीवर उघडलेली जोडणी 1008 हा कोड सांगून बंद होते. अखंड गप्पा मारणाराच बाहेर पडतो. म्हणून चॅट चालू असताना पानाने अधूनमधून साधी एचटीटीपी विनंतीही पाठवायची.