रंगाविना रंगलेला धागा

कापडाला रंग चढवायचा म्हणजे पाणी आलंच. सूत गरम रंगात घोळवायचं, रंग पक्का करायचा, मग सुटा रंग निघेपर्यंत धुऊन काढायचं. हे पाणी शेवटी नदीच्या वाट्याला येतं. इचलकरंजीजवळच्या पंचगंगेने ते वर्षानुवर्षं सोसलं आहे. म्हणूनच जपानमध्ये तयार झालेल्या ‘मॉर्फोटेक्स’ या धाग्याची ओळख आपल्याला असायला हवी. या धाग्याने रंगाची कढईच वगळली.

त्याचा गुरू दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला. मॉर्फो फुलपाखरू लखलखीत निळं दिसतं, पण त्याच्या पंखात निळं रंगद्रव्य औषधालाही सापडत नाही. पंखावरच्या खवल्यांना कायटिनचे बारीक कंगोरे असतात आणि प्रत्येक कंगोऱ्यावर एकावर एक पापुद्रे, मधे हवा. या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशात निळ्या लहरी एकमेकींना साथ देऊन बळावतात. पंखावर अल्कोहोलचा थेंब टाकला तर फटींतल्या हवेची जागा द्रव घेतो आणि निळा हिरवट होतो. थेंब उडून गेला की मूळची निळाई परत येते.

तेजिन कंपनीने निसान आणि तनाका किकिन्झोकू यांच्यासोबत हेच गणित धाग्यात उतरवलं. पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही पारदर्शक, पण प्रकाशाला वेगवेगळं वाकवणारे. त्यांचे एकाआड एक असे 61 थर धाग्याच्या पोटात रचले. एकेक थर 70 ते 100 नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा भाग. जाडी किंचित बदलली की रंग बदलतो: तांबडा, हिरवा, निळा, जांभळा. थर कापडाच्या पृष्ठभागाला समांतर राहावेत म्हणून धागा चपटा ठेवला. पैठणीच्या धूपछाँवीला ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा लागतो; इथे एकच धागा कोन बदलला की छटा बदलतो. ऑस्ट्रेलियाच्या डोना स्ग्रो यांनी या कापडाचे पोशाखही केले.

मॉर्फोटेक्सचं उत्पादन पुढे थांबलं. पण रंग वरून चढवावा लागत नाही, धागा काढतानाच तो घडवता येतो, हे त्याने सिद्ध केलं. असा रंग टिकतोही. उन्हात रंगद्रव्याचे रेणू तुटतात म्हणून कापड विटतं; रचनेच्या रंगात विटायला रंगद्रव्यच नसतं. आफ्रिकेतल्या पोलिया या वनस्पतीची 1974 साली घानात गोळा केलेली फळं लंडनच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात अनेक दशकांनंतरही निळी चमकत होती. ती निळाई सेल्युलोजच्या पिळदार थरांची आहे, आणि कापूसही सेल्युलोजचाच. नायलॉन-पॉलिएस्टरला जे साधलं, ते सेल्युलोजच्या धाग्यात आणणं हे पुढचं काम. ते अवघड आहे, पण नदीला रंगवत राहण्यापेक्षा त्यासाठी खपणं कितीतरी मोलाचं.