बरं वाटतंय, तरी गोळी का घ्यायची?

वस्तीत घरोघर फिरताना आम्हाला हा प्रश्न हमखास ऐकू येतो : "ताई, स्तनातली गाठ काढली, केमो झाली. आता बरं वाटतंय. मग ही टॅमॉक्सिफेनची गोळी आणखी पाच वर्षं कशाला?" काही बहिणी तर कुणाला न सांगता ती बंद करतात. म्हणून ही गोळी आत काय करते, ते समजून घेऊ.

स्तनाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन या हार्मोनला बसायची एक जागा असते. तिला रिसेप्टर म्हणतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी टॅमॉक्सिफेन ती जागा अडवते. इस्ट्रोजेन उभंच राहतं.

पुढची गोष्ट निरोपांची. पेशी ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं सोडतात. काहींचा निरोप 'वाढ', काहींचा 'थांब'. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून शास्त्रज्ञांनी हे तपासलं. इस्ट्रोजेन मिळालं की 'वाढ' सांगणारा टीजीएफ-अल्फा वाढला. हार्मोन रोखणारं औषध घातलं, तेव्हा 'थांब' सांगणारा टीजीएफ-बीटा वाढला. हे १९८७ साली प्रसिद्ध झालं. गोळी घेणाऱ्या बायकांच्या रक्तात आयजीएफ-१ हा वाढीचा निरोप्याही कमी होतो.

ऑपरेशननंतर एखादी चुकार पेशी अंगात लपलेली असू शकते. ती दुखत नाही, दिसत नाही. रुमाल उचलला की तिला पुन्हा 'वाढ' असा निरोप मिळू शकतो. ज्यांच्या गाठीत हे रिसेप्टर असतात, त्यांनी पाच वर्षं गोळी घेतली तर या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. तुमच्या रिपोर्टात 'इआर पॉझिटिव्ह' लिहिलंय का, ते डॉक्टरांकडून समजून घ्या. 'निगेटिव्ह' असेल तर ही गोळी उपयोगाची नाही.

त्रासही होतो, तो लपवू नका. अंगातून वाफा निघतात, घाम येतो. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं, एका पायाला सूज आली किंवा अचानक दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. या काळात गर्भ राहू देऊ नका. त्यासाठी हार्मोनच्या गोळ्या मात्र नकोत, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा.

एक दिवस गोळी चुकली तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात विचारा. ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

बहिणींनो, गोळी बंद करावीशी वाटली तर आधी डॉक्टरांशी बोला. एकटीला जायला भीती वाटत असेल तर आम्हाला हाक मारा, आम्ही सोबत येऊ.