उन्हाळ्यातील रोपे आणि पाणी धरून ठेवणारे जेल

वडोदऱ्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला की गच्चीवरील लहान कुंडीतील माती एका दिवसात वाळते. याच दिवसांत मुलांना सुट्टी लागते आणि आपण पुण्याला किंवा कोकणात जातो. परत येईपर्यंत मिरची, वांगी, तुळशीच्या रोपांनी माना टाकलेल्या असतात. अशा वेळी मातीत मिसळायचे हायड्रोजेल बरेच उपयोगी पडते.

हे जेल म्हणजे साखरेसारखे कोरडे दाणे. पाणी पिऊन ते फुगतात आणि माती सुकू लागली की मुळांना ते पाणी हळूहळू देतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेले 'पुसा हायड्रोजेल' शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या साडेतीनशे पटींहून अधिक पाणी शोषते. मात्र हा आकडा शुद्ध पाण्याचा आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात जेल बरेच कमी फुगते. म्हणून पावसाचे पाणी साठवलेले असेल तर तेच वापरावे.

एक लिटर मातीला सुमारे १ ग्रॅम जेल पुरते. दाणे आधी पाण्यात भिजवून, फुगल्यावर मातीत नीट कालवावेत. कोरडेच घातले तर ते नंतर फुगून माती वर ढकलतात आणि कोवळी मुळे उघडी पडतात. जास्त घातल्यास माती सतत ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप बुडाशी कुजते. कुंडीचे खालचे भोक मोकळे हवेच. डायपरमधील जेल वापरू नये. त्यातील सोडियम रोपांना बाधते. दाणे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

जेल मिळाले नाही, तर मातीत एक तृतीयांश कोकोपीट व थोडे गांडूळखत मिसळावे, वर वाळक्या पानांचा थर द्यावा आणि कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. यानेही पाण्याची बरीच बचत होते.

जेल नवीन पाणी निर्माण करत नाही. दिलेले पाणी फक्त जपून ठेवते. त्यामुळे प्रवासाला निघण्याच्या पंधरा दिवस आधीच ते घालून पाहावे. रोज बोट मातीत खुपसून ओल तपासावी. आपली कुंडी किती दिवस तग धरते हे कळले, की शेजाऱ्यांना नेमके कोणत्या दिवशी पाणी घालायला सांगायचे, हेही ठरवता येते.