दोन मोटा आणि तिसरी पट्टी

बालमित्रांनो, आधी एक सोपे कोडे. तुमच्यापुढे तराजू आहे. दोन किलोची दोन वजने आहेत आणि चार किलोचे एक. तिन्ही वजने वापरायची आणि दोन्ही पारडी सारखी करायची. जमेल ना? दुसरीतले मूलसुद्धा चुटकीसरशी सांगेल. पण हेच गणित आम्हा मोठ्या माणसांना दोन महिने सुचले नव्हते, बरं का!

त्याचे असे झाले. कराडजवळच्या आमच्या शाळेत एक जुना संगणक आहे. त्यात 2 जीबीच्या दोन रॅमच्या पट्ट्या होत्या. रॅम म्हणजे संगणकाची हाताशी असलेली आठवण. चित्रे काढायचा प्रोग्राम उघडला की बिचारा घुरघुर करत बसायचा आणि मुले जांभया द्यायची. पालकांनी वर्गणी काढून 4 जीबीची एक पट्टी आणली. ज्याने ती बसवून दिली तो म्हणाला, “मॅडम, आता तीन झाल्या. ड्युअल चॅनेलची जोडी मोडली. चौथी घ्या, नाहीतर ही काढून टाका.”

वर्गणी देणारे एक आजोबा तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, “बाई, म्हंजे आमचं पैसं पाण्यात गेलं म्हणायचं का?”

मला उत्तर देता येईना. मग मी वाचायला बसले.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो रॅममधून माहिती ओढतो ती एका वाटेने. या वाटेला चॅनेल म्हणतात. एका चॅनेलमधून एका खेपेला 64 बिट, म्हणजे 8 बाईट येतात. आमच्या पट्ट्यांवर 1333 हा आकडा छापलेला आहे. म्हणजे सेकंदाला 1333 दशलक्ष खेपा. आता गुणाकार करा. 1333 गुणिले 8 म्हणजे 10,664. एका सेकंदात इतके मेगाबाईट! अशा दोन वाटा एकदम चालवल्या की आकडा दुप्पट. घरगुती संगणकांसाठी 2001 साली आलेल्या एनव्हिडिया कंपनीच्या एनफोर्स या संचातही ही युक्ती होती.

हे मी आजोबांना सांगितले तेव्हा ते हसले. “म्हंजे दुमोटी हीर म्हणा की!”

तुमच्यापैकी कुणी मोट पाहिली नसेल. बैल धावेवरून खाली चालत जायचे, नाडा ताणला जायचा आणि भरलेली चामडी मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओतायची. एकच मोट असली तर ती पुन्हा खाली जाऊन भरेपर्यंत पाट थांबायचा. दोन असल्या की एक वर, एक खाली, आणि पाण्याला खळ नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात लिंब गावी तर बारा मोटांची विहीर आहे, छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली. (गंमत पाहा, 2022 साली एएमडी कंपनीने मोठ्या कामाच्या संगणकांसाठी जो प्रोसेसर काढला, त्यालाही रॅमच्या बाराच वाटा आहेत!)

आता खरी गोम. आमच्या संगणकात पट्ट्यांसाठी चार स्लॉट आहेत, प्रत्येक वाटेवर दोन. जुन्या दोन पट्ट्या एकेका वाटेवर होत्या. नवी पट्टी पहिल्या वाटेवर बसवली गेली. म्हणजे एका वाटेवर 2 आणि 4 मिळून 6, दुसरीवर नुसते 2. मग जोडी मोडली का? तर पूर्ण नाही! दोन्हीकडचे दोन-दोन जीबी जोडीने चालतात आणि उरलेले 4 जीबी एकाच वाटेने. इंटेल कंपनीने या सोयीला ‘फ्लेक्स मेमरी’ असे नाव दिले आहे.

म्हणजे पट्ट्या किती हे मोजायचेच नाही. दोन्ही वाटांवरची बेरीज बघायची. तराजूच तो!

दुसऱ्या दिवशी संगणकाची वायर काढली. अंगातली स्थिर वीज पट्टीला लागू नये म्हणून आधी लोखंडी पेटीला हात लावला. बोर्डाच्या पुस्तिकेत कोणता स्लॉट कोणत्या वाटेचा ते पाहिले. बहुतेक बोर्डांवर एकाच रंगाचे दोन स्लॉट दोन वेगळ्या वाटांचे असतात, पण रंगावर विसंबू नका, पुस्तिका बघाच. दोन्ही छोट्या पट्ट्या एका वाटेवर आणल्या, मोठी दुसरीवर. 4 आणि 4. सगळी रॅम जोडीने!

मात्र पालकांनो, चमत्काराची अपेक्षा नको. पत्र टाइप करताना किंवा गणिते सोडवताना फरक जाणवतही नाही. ज्या संगणकात चित्रांसाठी वेगळे कार्ड नसते, तिथे चित्रांनाही हीच रॅम वापरावी लागते. तिथे मात्र दुसरी वाट चांगली उपयोगी पडते. आणि पट्ट्या वेगवेगळ्या वेगाच्या असल्या तर सगळ्या सर्वांत हळू पट्टीच्या चालीने चालतात. काही बोर्ड तर परक्या पट्टीवर रुसून सुरूच होत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी विचारून घ्यावे.

आणि पारडी जुळतच नसतील तर? समजा, 2 जीबीच्या तीनच पट्ट्या आहेत. माझे मत विचाराल तर तिसरी काढू नका. रॅम अपुरी पडली की संगणक हार्ड डिस्ककडे धाव घेतो, आणि तिथून माहिती शोधून आणायला रॅमच्या सुमारे एक लाख पट वेळ लागतो. रॅमला एक सेकंद लागला असे धरले, तर हार्ड डिस्कला एक दिवसाहून जास्त! त्यापुढे जोडी मोडल्याचे नुकसान किरकोळच.

आजोबांना संगणक दाखवला. मुलींनी त्यावर मोटेचे चित्र काढले होते. त्यांनी चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाले, “बैल कुठायत?”

आता तुमच्यासाठी कोडे. चार पट्ट्या आहेत: 4, 2, 1 आणि 1 जीबीच्या. प्रत्येक वाटेवर दोनच स्लॉट. चारही बसवायच्या. जास्तीत जास्त किती जीबी जोडीने चालेल?